पट्टी कोणत्या पातळीवर ठेवायची, ते आधी शिकवा

फॉरेन्सिक छायाचित्रण आणि घटनास्थळ तपासाचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या सर्व शिक्षकांना, विभागप्रमुखांना आणि संचालकांना,

स. न. वि. वि.

२७ वर्षं मी घटनास्थळांचे फोटो काढले. आता निवृत्त आहे, आणि तुमच्यापैकी काहींच्या वर्गांवर अधूनमधून पाहुणी म्हणून बोलायला येते. तुमची मुलं मन लावून ऐकतात. पण प्रश्न ठरलेले असतात. कॅमेरा कोणता घेऊ? मृतदेह बघून रात्री झोप लागते का? ड्रोन कधी शिकायचा? फोटोत माप कळावं म्हणून वस्तूशेजारी धरायची ती मोजपट्टी कुठे ठेवायची, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. याचा दोष मी मुलांना देत नाही. तुमच्या माहितीपत्रकांच्या मुखपृष्ठावर निळ्या प्रकाशात चमकणारी फरशी असते आणि आत 'थरारक करिअर' असे शब्द असतात. मुलं त्याच दारातून आत येतात. म्हणून हे पत्र मुलांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आधी पट्टीचं सांगते.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. घरफोडी झाली होती आणि घरातल्या माणसाला जबर मारहाण. मागच्या खिडकीखाली ओल्या मातीत बुटाचा एक ठसा उमटला होता, इतका स्वच्छ की टाचेची झिजलेली कडसुद्धा दिसत होती. मला आनंद झाला. मोजपट्टी ठशाशेजारी जमिनीवर ठेवली, कॅमेरा हातातच धरून वाकले, चार फोटो काढले आणि घरात गेले. ठशाचा साचा घेणारा सहकारी पोहोचायच्या आत पाऊस आला. ठसा वाहून गेला. उरले ते माझे चार फोटो.

ठसा साधारण २ सेंटिमीटर खोल होता. माझी पट्टी जमिनीच्या वर आणि बुटाचा तळ तिच्यापेक्षा २ सेंटिमीटर खाली. कॅमेरा पट्टीपासून अंदाजे ६० सेंटिमीटरवर. प्रयोगशाळेत असा फोटो मूळ मापात आणताना पट्टीवरचा १ सेंटिमीटर खरोखरच १ सेंटिमीटर भरेल इतका तो मोठा करतात. पण ठशाचा तळ पट्टीपेक्षा लांब असल्याने फोटोत तो लहान आलेला असतो. हिशेब सोपा आहे, ६० ला ६२. ३० सेंटिमीटरचा बूट २९ सेंटिमीटरचा दिसतो, म्हणजे बुटाचा एक अख्खा नंबर चुकतो. वर माझा कॅमेरा तिरका होता, त्यामुळे टाच एका मापात आणि चवडा दुसऱ्या मापात. संशयिताचे बूट हाती लागले होते. तज्ज्ञाने अहवालात लिहिलं की तुलनेसाठी योग्य छायाचित्र उपलब्ध नाही. बाकी काही लिहिलं नाही, आणि लिहायची गरजही नव्हती.

मार खाल्लेल्या माणसाची बहीण मला कचेरीच्या जिन्यात भेटली. तिने एवढंच विचारलं, "फोटो तर तुम्ही काढले होते ना?"

काम कसं करायला हवं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ठशाला धक्का न लावता शेजारी त्याच्या तळाइतका खोल चर कोरायचा आणि पट्टी त्यात बसवायची. कॅमेरा ट्रायपॉडवर, ठशाच्या बरोबर वर, सेन्सर ठशाच्या तळाला समांतर. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून लांब, जमिनीलगतच्या कोनातून मारायचा, मग दुसऱ्या बाजूने, मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी सावली बदलते आणि मघाशी न दिसलेली नक्षी वर येते. ऊन असेल तर ठशावर सावली धरायला एक माणूस उभा करायचा. याला २० मिनिटं लागतात. घटनास्थळावर ही २० मिनिटं कोणी आपणहून देत नाही. अधिकारी घड्याळ बघत असतात, बाहेर वाहिन्यांचे कॅमेरे असतात, घरच्यांना आत यायचं असतं. 'थांबा, माझं अजून झालेलं नाही' असं आपल्याहून वरिष्ठ माणसाला शांतपणे म्हणायची सवय वर्गात लागली नाही, तर ती पुढे लागत नाही. मला लागायला त्या जिन्यातून जावं लागलं.

आता तुमच्या वेळापत्रकांकडे येते. मी पाहिलेल्या अभ्यासक्रमांपैकी बऱ्याच ठिकाणी मोजपट्टी, समांतर कॅमेरा आणि तिरपा प्रकाश हे सगळं एका दुपारी उरकतात आणि सॉफ्टवेअरला पूर्ण सत्र देतात. हे उलटं करा. दूरचा, मधला आणि जवळचा असे तीन टप्पे मुलांना पाठ असतात, पण मधला फोटो कशासाठी, हे विचारलं की गप्प होतात. दूरच्या फोटोत खोली दिसते, जवळच्या फोटोत बंदुकीच्या गोळीची पुंगळी दिसते. ती पुंगळी पलंगाच्या पायापासून किती अंतरावर आणि कोणत्या बाजूला होती, हे सांगणारा फोटो मधला. तो नसेल तर जवळचा फोटो जगातल्या कुठल्याही खोलीतला असू शकतो. जवळचा फोटोही दोनदा, आधी पट्टीशिवाय आणि मग पट्टीसह, कारण पट्टीखाली काय झाकलं गेलं, हा प्रश्न न्यायालयात येणारच.

एल आकाराची एबीएफओ (अमेरिकन बोर्ड ऑफ फॉरेन्सिक ओडोन्टोलॉजी) क्रमांक २ ही पट्टी प्रत्येक मुलाच्या हातात द्या आणि तिच्यावर वर्तुळं कशाला काढली आहेत, ते त्यालाच शोधू द्या. कॅमेरा कलला की वर्तुळ अंडाकृती होतं. फोटो बघणाऱ्याला चूक लगेच कळते आणि ती किती आहे, हेही काढता येतं. ही पट्टी दंतवैद्यकातल्या मंडळींनी चाव्यांच्या खुणा मोजायला बनवली. चाव्याच्या खुणेवरून माणूस ओळखण्याच्या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असं अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या २००९ च्या अहवालाने स्पष्ट म्हटलं. त्या खुणांवरून काढलेले निष्कर्ष डळमळले, पण पट्टी आजही रोज वापरात आहे. तिने कधी निष्कर्ष काढलाच नव्हता, तिने फक्त माप दाखवलं.

हाच फरक मला मुलांच्या मनात रुजलेला हवा आहे, आणि त्यासाठी आल्फोन्स बर्तिलाँसारखं उदाहरण नाही. पॅरिस पोलिसांच्या या माणसाने अटक केलेल्यांचा समोरून आणि बाजूने असा ठरावीक फोटो रूढ केला. घटनास्थळी उंच तिकाटण्यावर कॅमेरा चढवून वरून फोटो घ्यायचे आणि फोटोच्या कडेला मापं छापायची, म्हणजे अंतरं फोटोवरूनच काढता येतील, ही पद्धत त्याची. आपण आज करतो त्या कामाचा पाया त्याने घातला. आणि १८९४ मध्ये याच माणसाने हस्ताक्षराचा जाणकार नसताना फ्रेंच सैन्यातल्या ड्रायफस या अधिकाऱ्यावरच्या हेरगिरीच्या खटल्यात हस्ताक्षराबद्दल मत दिलं आणि ते धडधडीत चुकलं. एक निरपराध अधिकारी दक्षिण अमेरिकेजवळच्या डेव्हिल्स आयलंड या बेटावर कैदेत गेला. त्याला पूर्ण निर्दोष ठरायला १९०६ साल उजाडावं लागलं. मोजणाऱ्या बर्तिलाँचं आपण ऋण मानतो. मत देणाऱ्या बर्तिलाँने एक आयुष्य नासवलं. पहिल्याच आठवड्यात या दोघांची गोष्ट एकत्र सांगा. तुमच्यातले काही जण पहिल्यावर एक तास बोलतात आणि दुसऱ्याचा उल्लेखही करत नाहीत.

त्याच काळात स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये रोडोल्फ आर्चिबाल्ड राइस नावाचा रसायनशास्त्रज्ञ फोटोग्राफी शिकवत होता. १९०९ मध्ये त्याने तिथल्या विद्यापीठात फॉरेन्सिक शास्त्राची संस्था सुरू केली, आणि तिची मुळं फोटोग्राफीच्या प्रयोगशाळेत होती. हे मी मुद्दाम सांगते. छायाचित्रण हा या शास्त्राचा जोडविषय कधीच नव्हता, ते त्याचं प्रवेशद्वार होतं. आज काही संस्थांत तो विषय शेवटच्या सत्रात, ऐच्छिक म्हणून ठेवलेला दिसतो तेव्हा मनापासून वाईट वाटतं.

मुखपृष्ठावरच्या निळ्या प्रकाशाबद्दलही बोलायला हवं. रक्ताचा माग काढायला ल्युमिनॉल हे रसायन फवारल्यावर चमक येते ती अंधुक असते आणि भराभर विझते. खोली पूर्ण काळोखी करावी लागते. कॅमेरा आधीच ट्रायपॉडवर बसवून उजेडात फोकस पक्का करून ठेवावा लागतो, मग अर्ध्या मिनिटाच्या आसपास शटर उघडं ठेवायचं. त्यात मंद प्रकाशाची एक हलकी झुळूक सोडायची, नाहीतर फोटोत चमक दिसते आणि ती चमक कोणत्या भिंतीवर होती, तेच कळत नाही. पुन्हा पुन्हा फवारलं तर डाग ओघळतो, म्हणून खरी संधी एकदा-दोनदाच. आणि इतकं करून जे मिळतं ते 'इथे चमक आली' एवढंच. ब्लीचने पुसलेली फरशी चमकते, तांबंही चमकतं. रक्त आहे की नाही, हे प्रयोगशाळा ठरवते. त्या चित्राखाली 'रक्ताचे डाग' असं छापणारं माहितीपत्रक मुलांना पहिल्याच पानावर चुकीची सवय लावतं.

आता ४३ क्रमांकाचा फोटो.

माझ्या हाताखाली एक मुलगा तयार झाला होता. त्याची नजर माझ्यापेक्षा चांगली होती, हे मी तेव्हाही म्हणत असे. एका खुनाच्या खटल्यात त्याची उलटतपासणी होती आणि मी मागे बसले होते. बचाव पक्षाच्या वकिलांनी त्याचे फोटो एकेक करून समोर ठेवले. ४१. ४२. ४४. मग चष्मा काढून विचारलं, "४३ कुठे आहे?" तो म्हणाला, हललेला होता, जागेवरच खोडला. "त्यात काय होतं?" तीच खुर्ची, ४४ मध्ये आहे तीच. "हे तुम्ही सांगता. दाखवू शकता?" दाखवू शकत नव्हता. पुढची ४० मिनिटं त्या एका हललेल्या फोटोवर गेली. खुर्ची कोणी हलवली का, कोणाच्या सांगण्यावरून फोटो खोडला, अजून किती खोडले. त्याच्या बाकीच्या फोटोंमध्ये एकही दोष नव्हता, पण संध्याकाळपर्यंत कोणाला ते आठवत नव्हतं. बाहेर आल्यावर तो माझ्याशी बोलला नाही. मीही त्याला काही म्हटलं नाही, कारण घटनास्थळी फोटो खोडायचा नाही, हा नियम मी त्याला तोंडी सांगितला होता, पण त्याच्याकडून तो कधी घोटून घेतला नव्हता.

म्हणून मागणी अशी आहे. वर्गातल्या बनावट घटनास्थळावर मुलांनी काढलेल्या फोटोंना गुण देऊन थांबू नका. सहा महिने जाऊ द्या. मग त्या मुलाला त्याची नोंदवही आणि त्याचे फोटो देऊन उभं करा आणि ज्याला प्रश्न विचारता येतात अशा वकिलाला बोलवा. लेन्स कोणती होती? फ्लॅश कोणत्या बाजूने होता? हा फोटो काढताना खोलीत कोण होतं? मूळ फाइल कोणती आणि तुम्ही दाखवता ती प्रत कोणती? मेमरी कार्ड तुमच्या हातून कोणाच्या हातात गेलं, किती वाजता? सहा महिन्यांपूर्वीचं आपल्याला काहीच आठवत नाही, हे मुलाला तिथे पहिल्यांदा कळेल. नोंदवही का लिहायची, हे त्यानंतर समजावून सांगावं लागणार नाही. प्रत्यक्षात खटला उभा राहायला कितीतरी वर्षं जातात. माझ्याच एका प्रकरणात मला ९ वर्षांनी बोलावणं आलं होतं, आणि माझ्याकडे माझ्या अक्षरातल्या तीन पानांशिवाय काही नव्हतं. ती तीन पानं पुरली.

फोटोच्या खरेपणाचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे. आजचा फोन बटण दाबल्यावर अनेक चित्रं घेऊन त्यांचं एक करतो, चित्रातले दाणे पुसतो, कडा धारदार करतो, अंधार उजळतो. घरच्या फोटोंना ते ठीक आहे. पण भिंतीवरच्या शिंतोड्याची कड धारदार कोणी केली, रक्ताच्या थेंबाने की फोनने, हे सांगता आलं पाहिजे. २०२४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या न्यायालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेने सुधारलेला व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. ते सॉफ्टवेअर तिथे काय असायला हवं याचा आपला अंदाज चित्रात भरतं आणि तो कसा भरतं हे तपासता येत नाही, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. मूळ रॉ फाइलला, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रक्रिया न केलेल्या फाइलला, हात लावायचा नाही, तिचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा आकडी ठसा, काढून ठेवायचा, जे काही उजळायचं, वाढवायचं ते प्रतीवर, आणि प्रत्येक पायरी अशी लिहायची की दुसऱ्या माणसाने ती केली तर तेच चित्र मिळेल. सॉफ्टवेअरच्या तुमच्या त्या लांबलचक सत्रात एवढं शिकवलंत तरी खूप झालं.

पाहायला शिकवण्याबद्दल एकच गोष्ट. फ्रान्सिस ग्लेस्नर ली या अमेरिकन बाईंनी १९४० च्या दशकात मृत्यूच्या घटनास्थळांचे छोटे देखावे बनवले, १ फुटाला १ इंच या प्रमाणात. खिडक्यांचे पडदे, दिवे, वर्तमानपत्रं, रक्ताचे डाग, सगळं त्या मापात. तपास अधिकाऱ्यांना त्यांच्यासमोर बसवून नुसतं बघायला लावत. आठ दशकं उलटली तरी बाल्टिमोरमध्ये त्यांच्यावर प्रशिक्षण होत आलं आहे. तुमच्याकडे असे देखावे नसतील तर एक खोली असेलच. मुलांना पहिली १५ मिनिटं कॅमेरा बॅगेतच ठेवायला सांगा. हात खिशात. मी हे करून पाहिलं आहे. कॅमेरा हातात असलेली मुलं मधल्या टेबलाकडे धावतात, हात खिशात असलेली मुलं दाराच्या मागे बघतात.

नोकरीबद्दलही त्यांना खरं सांगा. निव्वळ छायाचित्रकार म्हणून पदं फार थोडी असतात. बहुतेक ठिकाणी तोच माणूस फोटो काढतो, बोटांचे ठसे उचलतो, पुरावे पाकिटात भरून मोहोर लावतो आणि नकाशा काढतो. काही देशांत हे काम पोलीस करतात, काही ठिकाणी नागरी कर्मचारी. खून हा कामाचा छोटा भाग असतो. माझे बरेचसे दिवस घरफोड्या, अपघातातल्या गाड्या, जळालेली गोदामं आणि प्रयोगशाळेतल्या टेबलावर बोटांच्या ठशांचे फोटो काढण्यात गेले. बोटांचे ठसे मूळ मापात, इंचाला १,००० पिक्सेल, एकामागून एक. ज्याला याचा कंटाळा येतो त्याला हे पहिल्या वर्षीच कळू द्या. त्यात त्याचं भलं आहे.

आणि कामाचा मोठा भाग जिवंत माणसांचा असतो, हे तर माहितीपत्रकात कधीच नसतं. मारहाण झालेल्या बाईच्या दंडावरची खूण टिपायची म्हणजे आधी तिला सांगायचं की मी काय करणार आहे, कुठे पट्टी धरणार आहे, आणि नको वाटलं तर थांबणार आहे. लागेल तेवढाच भाग उघडा, बाकी चादरीने झाकलेला. पहिला फोटो चेहऱ्यासह, म्हणजे ही खूण कोणाची हे ठरतं. आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बोलवायचं, कारण काळंनिळं बरेचदा उशिरा वर येतं. यासाठी लागणारा आवाज, अंतर, नजर कुठल्या सत्रात शिकवता? माझ्या पाहण्यात कुठल्याच नाही.

झोपेचा प्रश्न मुलं विचारतात ना, त्याचं उत्तरही तुमच्याकडेच हवं. एका घरात दाराच्या चौकटीवर उडालेले शिंतोडे मला टिपायचे होते. पट्टी उभी लावली आणि कॅमेऱ्यातून पाहिलं तेव्हा दिसलं, चौकटीवर पेन्सिलच्या रेघा होत्या. मुलाची उंची, प्रत्येक रेघेपुढे तारीख. माझी पट्टी त्या रेघांना चिकटून उभी होती. मी फोटो काढले, नोंद केली, ट्रायपॉड गुंडाळला. त्या रात्री झोपले. पुढच्या महिन्यात घरी भिंतीला खिळा मारायला पट्टी हातात घेतली आणि हात थरथरायला लागला. आमच्या विभागात याबद्दल बोलायची पद्धत नव्हती. जो बोलेल तो कच्चा, असं मानत. आम्ही चांगली माणसं त्यापायी गमावली, काही नोकरी सोडून गेली, काही नोकरीत राहूनच. समुपदेशक हा भिंतीवर लावलेला दूरध्वनी क्रमांक असून चालत नाही. ज्या दिवशी मुलं पहिल्यांदा खरी छायाचित्रं बघतात, त्या दिवशी तो माणूस वर्गात बसलेला असावा, त्यांना नावाने ओळखणारा.

मला पुन्हा बोलावलंत तर भाषण देणार नाही. अर्धा दिवस द्या, ओल्या मातीचा एक मोठा ट्रे, एक जुना बूट, दोन पट्ट्या आणि एक ट्रायपॉड. प्रत्येक मूल तोच ठसा दोनदा टिपेल, एकदा पट्टी वर ठेवून आणि एकदा चरात बसवून. दोन्ही फोटो मूळ मापात छापू, आणि मग तो बूट त्यांच्यावर ठेवून बघू.

कळावे,

आपली,
एक निवृत्त घटनास्थळ छायाचित्रकार